हडसनवरचे तीनशे फूट

धुळे, शनिवार, रात्री साडेदहा

आमच्या थोरल्या मुलीने पाठवलेला न्यूयॉर्कचा हवाई नकाशा आज प्रथमच सतरंजीवर पूर्ण पसरून पाहिला. भूमी अभिलेख खात्यात उभी हयात मोजणीत गेल्यामुळे शिव, बांध आणि गट क्रमांक नजरेच्या सवयीचे आहेत. परंतु ज्या हद्दीला लांबी-रुंदीबरोबर तळ आणि माथाही असतो, ती वाचायला मला बराच वेळ लागला. थोरलीने न्यू जर्सीत खासगी वैमानिकाचा परवाना मिळवला आहे, आणि आम्ही दोघे तिकडे गेलो की सेस्ना १७२ हे चार आसनी लहान विमान भाड्याने घेऊन हडसन नदीवरून मॅनहॅटन दाखवायचे, असे तिने ठरवले आहे. बेत तिचा असला तरी आखणी सोबत करू, असे तीच म्हणाली, आणि हे काम मला हल्लीच्या कोणत्याही कामापेक्षा अधिक आवडू लागले आहे.

देवपुरातल्या आमच्या गच्चीवरून गोंदूरच्या धावपट्टीवरची शिकाऊ विमाने दिसतात. त्यांच्याभोवती मोकळे आभाळ पसरलेले असते, त्यामुळे हवाई हद्द ही वस्तू मला आजवर कधी जाणवलीच नव्हती. न्यूयॉर्कला केनेडी, लाग्वार्डिया आणि न्यूअर्क हे तीन मोठे विमानतळ एकमेकांना खेटून आहेत आणि त्या तिघांभोवती मिळून 'क्लास बी' नावाची एकच हद्द आखलेली आहे. तिची रचना पायऱ्यांच्या बारवेसारखी आहे : वरचा घेर ऐसपैस, खाली उतरत जावे तसा टप्प्याटप्प्याने अरुंद होत जाणारा, आणि अगदी तळाशी विमानतळ. या हद्दीत शिरायचे तर जमिनीवरून विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्या नियंत्रकाने स्पष्ट शब्दांत परवानगी द्यावी लागते. नुसते रेडिओवर बोलणे झाले एवढ्याने भागत नाही. मात्र हडसनच्या पात्रावर, पाण्यापासून १३०० फुटांच्या आतपर्यंतचा एक पट्टा या हद्दीतून मुद्दाम वगळलेला आहे. तेथे कोणाची परवानगी लागत नाही, पण तेथे मार्ग दाखवणारा नियंत्रकही नसतो. हे मी घरात समजावून सांगत होतो, तेव्हा सौभाग्यवतींनी पोळी लाटता लाटता अहिराणीत विचारले, "मंग वाट दखाडाले तठे कोणीच ऱ्हास नही का?" सगळी आखणी याच प्रश्नाभोवती फिरते, हे मला पुढे नकाशा वाचताना उमगले.

वाट दाखवायला कोणी नाही, म्हणून प्रत्येकाने आपण कोठे आहोत ते ओरडून सांगायचे, अशी तेथली पद्धत आहे. सर्वांनी १२३.०५ याच एका वारंवारतेवर राहायचे आणि नकाशावर ठरवून दिलेल्या खुणांपाशी विमानाचा प्रकार, जागा, दिशा आणि उंची सांगायची. उत्तरेकडून येताना पहिली खूण म्हणजे अल्पाइनचा मनोरा, एफ. एम. रेडिओचे जनक एडविन आर्मस्ट्राँग यांनी तो १९३० च्या दशकात उभारला. त्यानंतर जॉर्ज वॉशिंग्टन पूल, इंट्रेपिड ही संग्रहालय झालेली विमानवाहू नौका, जर्सी सिटीतले कोलगेटचे भले मोठे घड्याळ, स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा आणि शेवटी व्हेराझानो पूल. दक्षिणेकडे जाणाऱ्याने न्यू जर्सीचा काठ धरायचा, उत्तरेकडे येणाऱ्याने मॅनहॅटनचा, म्हणजे दोघांनीही आपापल्या उजव्या हाताला राहायचे. वेग १४० नॉटच्या, म्हणजे ताशी १४० नॉटिकल मैलांच्या, वर न्यायचा नाही आणि दिवे लावून ठेवायचे. पर्यटकांना फिरवणारी आणि उतरणारी-चढणारी हेलिकॉप्टरे १००० फुटांच्या खाली असतात. नुसते पार होणाऱ्या विमानांनी १००० ते १३०० च्या मध्ये राहायचे. म्हणजे आपल्या वाट्याला आले ते उणेपुरे तीनशे फूट : खाली घसरले तर हेलिकॉप्टरे, वर गेले तर विनापरवाना हद्दप्रवेश. थोरलीने ११०० फूट ठरवले आहेत आणि उंचीमापक त्या वेळच्या हवेच्या दाबावर लावण्याचे तिने कागदावर दोन ठिकाणी लिहून ठेवले आहे.

हे सगळे नियम पूर्वी इतके पक्के नव्हते. ८ ऑगस्ट २००९ रोजी याच पट्ट्यात पायपर जातीचे एक खासगी विमान आणि पर्यटकांचे हेलिकॉप्टर साधारण ११०० फुटांवर एकमेकांवर आदळले आणि दोन्हींतली मिळून ९ माणसे गेली. विमान मागून येत होते, हेलिकॉप्टर खालून वर चढत होते, आणि वैमानिकाला ते अगदी शेवटच्या काही क्षणांपर्यंत दिसणे कठीण होते. 'पाहा आणि टाळा' या तत्त्वाची ही अंगभूत मर्यादा चौकशीतही नोंदली गेली. पूर्वी जे बरेचसे ऐच्छिक होते ते त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून बंधनकारक झाले. थोरलीने हा अहवाल मला आपणहून वाचायला दिला, लपवला नाही, याचे मला समाधान वाटले.

तो वाचून मी साहजिकच वरच्या मार्गाचा आग्रह धरला. १३०० ते २००० फुटांच्या दरम्यान, नियंत्रकांची परवानगी घेऊन, हडसनवरूनच जाण्याची सोय आहे, आणि तेथे रडारवर पाहणारा कोणीतरी असतो. तिचे म्हणणे असे की परवानगी मागण्यात गैर काही नाही, परंतु ती मिळेलच याची शाश्वती नाही, कारण मोठ्या विमानांच्या गर्दीत नियंत्रकांना सवड नसली तर ते नकार देतात, आणि आयत्या वेळी नकार आला म्हणून घाईने खालच्या पट्ट्यात शिरणे हे दोन्हींहून वाईट. आमचा वाद दोन शनिवार चालला. अखेर असे ठरले की तयारी खालच्या मार्गाची पूर्ण करायची, निघताना परवानगी वरच्या मार्गाची मागायची, आणि उत्तर काय मिळते ते अल्पाइनच्या मनोऱ्याच्या बरेच अलीकडे पक्के करायचे. तोवर होकार नसेल तर खालच्या मार्गाखेरीज दुसरा विचारच मनात आणायचा नाही. मला हा तोडगा पटला, कारण त्यात विमान चालवता चालवता करायचा निर्णय एकही उरत नाही.

प्रेक्षणीय उड्डाण म्हणतात खरे, पण जो विमान चालवतो त्याने प्रेक्षण करायचेच नाही, ही गोष्ट आखणी करताना स्पष्ट होत गेली. वैमानिक डावीकडे बसतो. दक्षिणेकडे जाताना मॅनहॅटन डाव्या हाताला, म्हणजे नेमके तिच्या खिडकीत येते, आणि तेव्हाच तिला समोर आणि खाली सतत पाहायचे असते. परत येताना तेच शहर उजवीकडे, माझ्या खिडकीत, आणि अगदी काठालगत येते. म्हणून जाताना मी शहराकडे न पाहता समोर आणि न्यू जर्सीच्या बाजूला इतर विमाने शोधायची, दिसले की घड्याळाच्या भाषेत, म्हणजे नाकासमोर बारा धरून, "दोन वाजता, थोडे खाली" असे सांगायचे, आणि येताना मनसोक्त पाहायचे. सौभाग्यवती मागे डावीकडे बसतील. त्यांच्यावर कोणतेच काम नसल्यामुळे जातानाचे मॅनहॅटन एकट्या त्यांचे. सेस्नाचे पंख वरच्या बाजूला असल्याने खालचे सगळे मोकळे दिसते. वर्ल्ड ट्रेड सेंटरची नवी इमारत १७७६ फूट उंच आहे, म्हणजे तिचे टोक आमच्या डोक्यापेक्षा पावणेसातशे फूट वर असेल. विमानात बसून इमारतीकडे मान वर करून पाहण्याची कल्पना मला अजून नीट पेलत नाही.

पुतळ्याभोवती घिरट्या घालायच्या नाहीत, हे मात्र मी हट्टाने लिहून घेतले, कारण सगळी हेलिकॉप्टरे तेथेच गोळा होतात. व्हेराझानोपर्यंत सरळ जायचे आणि तेथून वळून परत यायचे. मनोऱ्यापासून त्या पुलापर्यंत सुमारे २२ नॉटिकल मैल आहेत. ९० नॉटच्या वेगाने जायला सुमारे १५ मिनिटे आणि यायला तेवढीच. एवढ्याशा वेळेसाठी इतका कागद खर्ची पडलेला पाहून शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक हसले. पण गावठाणाच्या एका मोजणीसाठी आम्ही यापेक्षा कितीतरी अधिक कागद रंगवलेले त्यांनी पाहिलेले नाहीत.

तारखेचा घोळ अजून आहे. श्रावणातला आमचा खानदेशी सण, कानबाईचे रोट, आटोपला की निघू, असा पहिला विचार होता, परंतु सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या दिवसांत शहरावरच्या आकाशात निर्बंध लागतात, म्हणून ऑक्टोबर धरला. थंड वाऱ्यांची लाट येऊन गेल्यावर हवा स्वच्छ असते, दूरवरचे दिसते, हा ऑक्टोबरचा आणखी एक फायदा. अडचण अशी की यँकी या बेसबॉल संघाचे यँकी स्टेडियम नदीपासून जवळ आहे, आणि तेथे मोठा सामना असला की १ तास आधीपासून संपल्यानंतर १ तासापर्यंत ३ नॉटिकल मैलांच्या परिघात ३००० फुटांपर्यंत लहान विमानांना मज्जाव असतो. नेहमीच्या मोसमाचे वेळापत्रक आधी हाती असते. ऑक्टोबरातले बाद फेरीचे सामने मात्र संघ पुढे गेला तरच होतात. बेसबॉलमधले मला ओ की ठो कळत नाही, तरी यंदा यँकींनी फार पुढे जाऊ नये, असे मी मनापासून चिंतितो आहे. ते गेलेच तर सामन्याच्या दिवशी सकाळी लवकर उडायचे किंवा दुसऱ्या दिवशी, असे थोरलीला आज कळवले. तिने दोन्ही तारखांना विमान राखून ठेवले आहे, आणि उद्या सकाळी ती मला रेडिओवरच्या हाका तोंडपाठ म्हणून दाखवणार आहे.