बाकामागचे बूट

आइस हॉकीची मॅच बघताना हल्ली माझं लक्ष बर्फापेक्षा खेळाडूंच्या बाकामागे जास्त जातं. तिथे सुटाबुटातला एक माणूस उभा असतो, संघाचा कोच. त्याच्यापुढे पोरांची ये-जा चाललेली. चाळीस-पंचेचाळीस सेकंद जीव तोडून पळायचं आणि धापा टाकत परत बाकावर यायचं. या बाबाच्या पायांत मात्र पॉलिश केलेले बूट. ज्याने उभी हयात स्केट्सवर काढली, त्याला अडीच तास असं एका जागी उभं राहणं कसं जमत असेल?

कॅनडातल्या माँट्रियल कॅनेडियन्स संघाचा कोच मार्टिन सँ लुई याच्याकडे बघून तर हे फारच वाटतं. (तिकडची संध्याकाळची मॅच आपल्याकडे भल्या पहाटे असते, तेव्हा असले विचार सुचायला वेळही बरी असते.) उंची जेमतेम पाच फूट आठ इंच, म्हणून ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नव्या खेळाडूंची निवड करतात त्यात, त्याला कुठल्याच संघाने घेतलं नाही. पुढे कॅलगरीने घेतलं, पण त्यांनीही 2000 साली सोडून दिलं. मग तो टँपा बे संघात गेला. 2004 च्या अंतिम फेरीत समोर नेमकं कॅलगरी. सहाव्या सामन्यात, कॅलगरीच्याच मैदानात, दुसऱ्या जादा वेळेत त्याने गोल ठोकून मालिका बरोबरीत आणली आणि सातवा सामना जिंकून टँपाने स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, उचलला. असा हिशेब चुकता करायची संधी किती जणांना मिळते! 2013 मध्ये, सदतिसाव्या वर्षी, लीगमध्ये सर्वाधिक गुण (स्वतःचे गोल आणि दुसऱ्याच्या गोलला केलेली मदत मिळून) त्याचेच.

खेळणं थांबवल्यावर तो मुलांच्या संघांना शिकवत होता. त्यात त्याची स्वतःची मुलंही होती. फेब्रुवारी 2022 मध्ये माँट्रियलने त्याला थेट मुख्य प्रशिक्षक केलं, तेव्हा साहजिकच भुवया उंचावल्या. शाळकरी पोरांचा कोच आणि समोर हॉकीसाठी जीव टाकणारं शहर! संघ तर तळाला रुतलेला. शेवटीही तो तळालाच राहिला, पण कोल कॉफील्ड नावाचा पोरगा बघा. तोही बेताच्याच उंचीचा. त्या मोसमात आधीच्या 30 सामन्यांत त्याचा एक गोल होता, नव्या कोचच्या हाताखाली 37 सामन्यांत 22. सँ लुईने त्याला नेमकं काय सांगितलं असेल ते त्या दोघांना ठाऊक. मला वाटतं, धिप्पाड गड्यांच्या गर्दीत कुठे फट पडणार हे ज्याला आयुष्यभर आधी हेरावं लागलं, त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असणारच. हॉकीतला दिग्गज खेळाडू वेन ग्रेट्झ्कीने 894 गोल केले, पण फीनिक्सचा कोच म्हणून चार मोसमांत एकदाही संघाला प्लेऑफपर्यंत (मोसमाअखेरच्या बाद फेरीपर्यंत) नेता आलं नाही. ग्रेट्झ्कीला जे दिसायचं ते दुसऱ्याला कसं दाखवणार?

बूट काढून खरोखर बर्फावर उतरलेला कोच म्हणजे लेस्टर पॅट्रिक. 1928 ची अंतिम फेरी, दुसरा सामना. न्यूयॉर्क रेंजर्सच्या गोलरक्षकाच्या डोळ्याला मार बसला. प्रेक्षकांत तिसऱ्याच एका संघाचा गोलरक्षक बसला होता, पण त्याला खेळवायला प्रतिस्पर्धी तयार होईनात. मग 44 वर्षांचा, केस पिकलेला पॅट्रिकच पॅड बांधून गोलमध्ये उभा राहिला. एकच गोल खाल्ला, रेंजर्स जादा वेळेत 2-1 ने जिंकले आणि पुढे कपही त्यांनीच नेला.

आता तशी सोय नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये टोरांटोत कॅरोलायना संघाचे दोन्ही गोलरक्षक जखमी झाले, तेव्हा नियमाप्रमाणे राखीव म्हणून बसलेल्या डेव्हिड एअर्सला बोलावलं. वय 42, एरवी बर्फ गुळगुळीत करायची गाडी चालवणारा माणूस! पहिले दोन फटके थेट आत गेले. नंतर मात्र तो डगमगला नाही आणि कॅरोलायना 6-3 ने जिंकली. 1484 सामने खेळलेला, 2006 चा कप कर्णधार म्हणून उचललेला कॅरोलायनाचा कोच रॉड ब्रिंडामूर त्या रात्री तिथेच होता. सुटात, बाकामागे.