५०० मिमी मिरर लेन्स छोट्या मिररलेस बॉडीवर: अ‍ॅडॅप्टर, फोकस आणि बाकीच्या कटकटी

सेकंडहँड बाजारात ५०० मिमीची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आखूड लेन्स शोधायला गेलात की मिरर लेन्सच, म्हणजे काचांऐवजी मुख्यतः आरशांनी प्रतिमा तयार करणारी लेन्स, हाती येते. "फोटो मऊ येतात" ही तिची बदनामी. तिच्यात थोडं तथ्य आहे, पण मला विचाराल तर मऊपणाचा मोठा वाटा काचेचा नसतोच. कॅमेरा हललेला असतो, फोकस दोन बोटं चुकलेला असतो, नाहीतर मधली हवा तापलेली असते. जुन्या एसएलआरवर एफ/८ ला व्ह्यूफाइंडर अंधारा व्हायचा, मधला स्प्लिट प्रिझम अर्धा काळा पडायचा आणि फोकस अंदाजानेच व्हायचा. मिररलेस बॉडीत चित्र दहा पट मोठं करून पाहता येतं आणि सेन्सर स्वतः हादरे सांभाळतो. म्हणून ही लेन्स आज तिच्या जन्मकाळापेक्षा जास्त वापरण्याजोगी झाली आहे.

उदाहरणाला टॅमरॉन एसपी ५०० मिमी एफ/८, मॉडेल ५५बीबी घेऊ, आणि बॉडी ऑलिंपस-पॅनासॉनिकच्या छोट्या सेन्सरच्या मायक्रो फोर थर्ड्‌सची. लेन्स सहाशे ग्रॅमच्या आसपास आहे आणि १.७ मीटरपर्यंत जवळ फोकस होते. तिथे वस्तू सेन्सरवर एक तृतीयांश आकाराची उमटते. मिरर लेन्समध्ये हे दुर्मीळ आहे. निकॉनची ५०० एफ/८, समयांगची ५०० एफ/८, रशियन एमटीओ, रुबिनार यांनाही खालचं बहुतेक सगळं लागू पडतं.

आधी माउंट, म्हणजे लेन्स बॉडीला बसते तो सांधा. अ‍ॅडॅप्टरची जाडी म्हणजे लेन्सच्या माउंटचं फ्लँज अंतर वजा बॉडीचं फ्लँज अंतर (माउंटच्या कडेपासून सेन्सरपर्यंतचं अंतर), एवढंच गणित. मायक्रो फोर थर्ड्‌सचं १९.२५ मिमी, सोनी ई-माउंटचं १८, फुजी एक्सचं १७.७, निकॉन झेडचं १६, कॅनन आरएफचं २०. लेन्सच्या बाजूला टी२ (अनेक कंपन्यांच्या लेन्सना असणारं पेचाचं माउंट) चं ५५, निकॉन एफचं ४६.५, एम४२ पेचाचं ४५.४६, मिनोल्टा एमडीचं ४३.५. म्हणजे टी२ ते मायक्रो फोर थर्ड्‌स ३५.७५ मिमी, निकॉन एफ ते मायक्रो फोर थर्ड्‌स २७.२५ मिमी. व्हर्नियर कॅलिपर असेल तर पार्सल उघडल्याबरोबर मोजून घ्या. अ‍ॅडॅप्टर किंचित पातळ असला तर चालतो, फोकस रिंगवरची इन्फिनिटी (अनंत अंतराची जागा) थोडी आत सरकते. जाड असला तर लांबचं काहीच स्पष्ट होत नाही. मिरर लेन्स मुद्दामच इन्फिनिटीच्या पुढे थोडी फिरते, कारण तापमानानुसार तिचा फोकस सरकतो. ही फिरायची जागा दोन-तीन दशांश मिलिमीटरची चूक पोटात घालते, पण तिच्या भरवशावर वाट्टेल तो अ‍ॅडॅप्टर घेऊ नये.

सगळ्यात महाग पडणारा घोळ टी२ आणि एम४२ यांच्यात होतो. दोन्हींचा व्यास ४२ मिमी. टी२ च्या आट्यांचं अंतर ०.७५ मिमी, एम४२ चं १ मिमी. एक दुसऱ्यात एखादा फेरा आरामात जातो आणि मग अडकतो. तिथे जोर लावलात की आटे गेले, आणि तेही बहुतेक वेळा लेन्सचे, कारण ते अ‍ॅल्युमिनियमचे असतात. रशियन लेन्स बहुधा एम४२, समयांग आणि तिच्या वेगवेगळ्या नावांनी विकल्या जाणाऱ्या बहिणी बहुधा टी२. विकणारा फक्त "४२ मिमी स्क्रू" म्हणत असेल तर आट्यांचा जवळून काढलेला फोटो मागवा.

टी२ अ‍ॅडॅप्टरच्या कडेला तीन बारीक पेच असतात. लेन्स बसवल्यावर अंतराची खूण किंवा ट्रायपॉडचा पाय तिरका आला तर हे पेच सैल करून आतली रिंग फिरवायची, खूण वर आणायची आणि तिन्ही पेच थोडे थोडे, आळीपाळीने आवळायचे. एकच पेच पूर्ण आवळला तर रिंग एका बाजूला ढकलली जाते.

टॅमरॉनच्या लेन्सची मागची माउंट-रिंग बदलता येते, या पद्धतीचं नाव अ‍ॅडॅप्टॉल-२. तिला दोन वाटा आहेत: अ‍ॅडॅप्टॉल-२ पासून थेट मायक्रो फोर थर्ड्‌स, किंवा अ‍ॅडॅप्टॉल-२ ची निकॉन रिंग आणि पुढे निकॉन एफ ते मायक्रो फोर थर्ड्‌स. दुसऱ्या वाटेत उद्या बॉडी बदलली तर पुढचा एकच तुकडा बदलावा लागतो. पण सांधे वाढतात, आणि प्रत्येक सांधा थोडा हलतो. ५०० मिमीला ते जाणवतं: फोकस रिंगला हात लावला की चित्र बाजूला उडी मारतं. लेन्स एकच आणि बॉडीही एकच असेल तर मी थेट अ‍ॅडॅप्टर घेईन. अ‍ॅपर्चर फिरवायची रिंग असलेल्या अ‍ॅडॅप्टरला जास्त पैसे देण्यात अर्थ नाही. या लेन्सला अ‍ॅपर्चरच्या पाती नसतातच, एफ/८ म्हणजे कायम एफ/८. ते पैसे घट्ट बसणाऱ्या धातूवर घाला.

अ‍ॅडॅप्टर उजेडाकडे धरून आत पाहा. आतली भिंत चकचकीत असेल तर फोटोच्या मध्यभागी फिकट धुरकट डाग येतो, आणि मिरर लेन्सचा कॉन्ट्रास्ट मुळातच कमी असल्याने तो लगेच दिसतो. आतून काळा मखमली चिकट कागद लावा किंवा मॅट काळा रंग द्या. कागदाची कड सेन्सरकडच्या तोंडापासून दोन मिमी मागे ठेवा, म्हणजे तंतू सेन्सरवर पडत नाहीत.

मागच्या बाजूला एक छोटा फिल्टर असतो, टॅमरॉनला ३०.५ मिमीचा. पुष्कळ जुन्या लेन्समधून तो गायब असतो आणि विकणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. तो शोभेचा नाही, लेन्सच्या रचनेतच धरलेला असतो. काच काढली की तिच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश इतका फोकस सरकतो, म्हणजे दीड मिमी काचेला अर्धा मिमी. दुसरा कुठला साधा पारदर्शक किंवा यूव्ही फिल्टर त्याच आट्यांचा मिळाला तरी भागतं. उजेड कमी करायचा असेल तर एनडी फिल्टरही इथेच लागतो.

आता बॉडीचं सेटिंग. लेन्सला इलेक्ट्रॉनिक संपर्क नाहीत, त्यामुळे कॅमेऱ्याच्या लेखी लेन्स लावलेलीच नाही. सोनीत रिलीज विदाउट लेन्स आणि फुजीत शूट विदाउट लेन्स चालू केल्याशिवाय शटरच पडत नाही. ऑलिंपसच्या बहुतेक बॉडींना याची गरज पडत नाही. मग स्थिरीकरणासाठी फोकल लांबी भरायची. ऑलिंपसमध्ये ती आयएसच्या मेनूतच भरता येते, सोनीत स्टेडीशॉट मॅन्युअल करून, फुजीत माउंट अ‍ॅडॅप्टरच्या सेटिंगमध्ये. सेन्सर-स्थिरीकरण असलेल्या पॅनासॉनिक बॉडी चालू करतानाच विचारतात. इथे लेन्सवर कोरलेला आकडाच भरायचा, ५००. छोट्या सेन्सरमुळे दृश्य १००० मिमीसारखं दिसतं म्हणून "क्रॉप धरून १०००" भरलंत तर सेन्सर गरजेपेक्षा दुप्पट हलतो आणि फोटो आणखी बिघडतो. आधीच्या जुन्या लेन्सचे ५० तसेच राहिले असतील तर स्थिरीकरण जवळजवळ बंद असल्यासारखंच.

फोकसला पीकिंगवर, म्हणजे स्पष्ट कडांवर रंगीत रेघा दाखवणाऱ्या सोयीवर, विसंबू नका. कमी कॉन्ट्रास्टमुळे रंगीत रेघा एकतर येतच नाहीत किंवा फोकसच्या पुढे-मागे सारख्याच येतात. चित्र मोठं करण्याचं काम एखाद्या बटणावर ठेवा, आधी पाच पट आणि मग दहा पट. दहा मीटरवर या जोडीची फील्डची खोली (स्पष्ट दिसणारा पट्टा) साधारण १० सेंटीमीटर, वीस मीटरवर ३८, आणि अगदी १.७ मीटरवर ३ मिलिमीटरच्या आसपास. रिंग हळूहळू एका दिशेने नेत स्पष्टतेच्या थोडं पुढे जायचं आणि परत यायचं. इन्फिनिटीच्या खुणेवर किंवा रिंगच्या शेवटच्या टोकावर ठेवून चंद्र कधीच नीट येत नाही. ताऱ्यावर किंवा दूरच्या मनोऱ्याच्या दिव्यावर फोकस करा.

हातात धरून १/१००० सेकंद हा माझा पाया. स्थिरीकरण चांगलं असेल आणि पक्षी स्थिर बसला असेल तर १/२५० पर्यंत उतरता येतं, पण ओळीने पाच-सहा फ्रेम घ्या आणि त्यातली एक ठेवा. एम मोडमध्ये शटर ठरवून आयएसओ ऑटो ठेवलं की हात फोकसला मोकळे राहतात. ट्रायपॉडवर वेगळीच गंमत होते. हलक्या बॉडीत यांत्रिक शटरचा पहिला पडदाच फोटो हलवतो, विशेषतः १/६० ते १/३२० या पट्ट्यात. इलेक्ट्रॉनिक पहिला पडदा लावा (ऑलिंपसमध्ये अँटी-शॉक शून्य सेकंद), दोन सेकंदांचा टायमर ठेवा. लेन्सला पाय नसेल तर पाय असलेला अ‍ॅडॅप्टर घ्या, म्हणजे जोडीचा तोल ट्रायपॉडच्या डोक्यावर येतो. एमटीओ १००० सारखी दोन किलोच्या घरातली लेन्स असेल तर बॉडी लेन्सला लटकू द्या, लेन्स बॉडीला नको.

तापमान हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. एसी गाडीतून किंवा खोलीतून लेन्स बाहेर आणली की नळीतली हवा आणि आरसे बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत चित्र उकळतं. अर्धा तास द्या. मुंबईत आणि कोकणात त्यात दव भरतं, म्हणून लेन्स पिशवीतच गरम होऊ द्या आणि मग झाकण काढा. दुपारी तापलेल्या कातळावरून किंवा डांबरी रस्त्यावरून शंभर मीटर लांबचा पक्षी टिपायचा नाद सोडा. तिथे कुठलीच ५०० मिमी चालत नाही, मग ती लाखाची असली तरी.

पार्श्वभूमी. पुढच्या काचेच्या मधोमध दुसरा आरसा असल्याने फोकसबाहेरचा प्रत्येक ठिपका मेदूवड्यासारखा दिसतो. पानांतून झिरपणारं ऊन, वाळकं गवत, फांद्यांची जाळी मागे असेल तर फोटो गेला. भिगवणला उजनीच्या पाण्यावर सूर्यासमोरून रोहित टिपायला जाल तर पाण्याची प्रत्येक चकाकी एकेक कडं होते. सूर्य पाठीशी घ्या, पाणी एकसारखं निळं-करडं होतं आणि कडी नाहीशी होतात. चंद्राला तर पार्श्वभूमीच नाही, आणि आरशांमुळे कडांना जांभळी-हिरवी झालरही येत नाही, म्हणून ही लेन्स तिथे शोभते. ५०० मिमीला चंद्र सेन्सरवर साधारण ४.५ मिमी व्यासाचा येतो. पौर्णिमेला आयएसओ २०० आणि १/२०० पासून सुरुवात करा. चतुर आणि फुलपाखरांसाठी टॅमरॉनची १.७ मीटरची मर्यादा फार कामाची: फ्रेममध्ये साधारण ५२ बाय ३९ मिमी जागा मावते आणि चतुर उडत नाही. उडत्या पक्ष्यांसाठी आणि संध्याकाळच्या उजेडासाठी मात्र ही लेन्स नाहीच.

एफ/८ असं लिहिलं असलं तरी मधला आरसा उजेडाचा पाचवा भाग अडवू शकतो आणि आरशांमध्येही थोडा मुरतो. प्रत्यक्षात अर्ध्या ते पाऊण स्टॉपचा तोटा धरा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). एक्स्पोजर कॅमेरा स्वतः मोजतोच, तेव्हा गणित करायची गरज नाही, फक्त आयएसओ अपेक्षेपेक्षा चढा दिसला तर घाबरू नका. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढा. हिस्टोग्राम (छटांचा आलेख) मध्येच गोळा झालेला असतो. आधी काळा बिंदू वर आणा, मग मध्यम छटांचा कॉन्ट्रास्ट, आणि शार्पनिंग सगळ्यात शेवटी.

जुनी लेन्स विकत घेताना रात्री दूरच्या दिव्यावर फोकस मुद्दाम बिघडवून फ्रेमच्या अगदी मध्यावर पाहा. कडं गोल आणि आतलं भोक नेमकं मधोमध असायला हवं. भोक एका बाजूला सरकलेलं असेल तर आरसे एका रेषेत नाहीत. कडं त्रिकोणी झुकत असेल तर एखादी रिंग फार आवळून आरसा चिमटला गेला आहे. फ्रेमच्या कोपऱ्यात भोक सरकणं साहजिक आहे, त्यावरून लेन्स नाकारू नका. मग पुढून टॉर्च मारून आरसा पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आरशाचा मुलामा काचेच्या पुढच्या बाजूवर असेल तर कापसाच्या एका हाताने तो ओरखडतो, म्हणून "साफ करून देतो" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका आणि अशी लेन्स सोडून द्या. घरी ठेवताना आर्द्रता ४० ते ५० टक्के असलेला ड्राय बॉक्स वापरा, निदान जून ते सप्टेंबर.

सूर्याचे फोटो काढायचे तर सौर फिल्टर पुढच्या पूर्ण काचेवरच हवा. मागचा एनडी फिल्टर तिथे चालत नाही: सगळं ऊन आधी आरशांनी गोळा झालेलं असतं, फिल्टर तडकू शकतो, आणि त्यामागे शटर व सेन्सर उघडेच असतात.