भावकी, सुतक आणि जातपडताळणी

विदर्भातल्या खेड्यात नवख्या माणसाला आधी 'कोणाच्या घरचा?' असे विचारतात, नाव मागाहून. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात एकाच आडनावाची बरीच घरे एका कुळातली आहेत. त्यांच्यात आपसांत सोयरीक होत नाही, सुतक मात्र सर्वांना लागते. भावकीत कोणी गेले की दहा दिवस देवपूजा बंद राहते, ठरलेला साखरपुडा पुढे ढकलला जातो आणि धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, वादातून ज्यांचे वर्षानुवर्षे बोलणे नाही, ते चुलतभाऊही तिरडीला खांदा द्यायला येतात. त्यात मायेचा भाग थोडाच असावा. आज आपण गेलो नाही, तर उद्या आपल्या दारी कोण येईल, हा हिशेब त्यामागे असतो. आणि मला तो मायेपेक्षा अधिक भरवशाचा वाटतो.

वावरांच्या वाटण्या झाल्या, विहिरीच्या पाळ्यांवरून तंटे झाले, तरुण मुले नागपूर-पुण्याला गेली. एव्हाना भावकी सैल पडायला हवी होती. तिला पुन्हा आवळले ते जातपडताळणीने. इतर मागास वर्गातल्या मुलाला व्हॅलिडिटी, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र, हवे असेल, तर 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीची जातीची नोंद शोधावी लागते, आणि ती वडिलांकडच्या रक्तसंबंधातली असावी लागते. आजोबा शाळेतच गेले नसतील, तर त्यांच्या भावाचा दाखल-खारीजचा, म्हणजे शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीचा, उतारा काढायचा, कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल मिळवायची आणि शपथपत्रावर वंशावळ लिहून नाते दाखवायचे. चुलत घरात कोणाला आधीच व्हॅलिडिटी मिळालेली असेल, तर तिची झेरॉक्स हाती येणे म्हणजे अर्धे काम झाले. आमच्या भावकीतल्या एका घराने जुन्या भांडणापायी अशी झेरॉक्स देण्यास बरीच टाळाटाळ केली. शेवटी जाणती माणसे मध्ये पडली आणि ती मिळाली. धुऱ्याचा वाद होता तिथेच आहे.

मामाला या वंशावळीत जागा नाही. अडल्या वेळी पैसा बहुतेकदा त्याच्याकडूनच येतो आणि लग्नात त्याच्यावाचून पान हलत नाही, तरी कागदावर तो परकाच. जानेवारी 2024 मध्ये सगेसोयऱ्यांविषयीच्या, म्हणजे सजातीय लग्नांतून जुळलेल्या नातेवाइकांनाही जातीचा दाखला देण्याच्या, अधिसूचनेचा मसुदा निघाला, तेव्हा आमच्या पारावरही यावर बराच खल झाला होता.

सर्वांत विचित्र स्थान आत्याचे. लग्न झालेल्या मुलीला बापाचे सुतक तीन दिवसांचे, आणि चार पिढ्यांपलीकडच्या चुलतभावाला दहा दिवसांचे. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. तरी बहिणींकडून हक्कसोड लिहून घेण्याची रीत आमच्याकडे मोडलेली नाही. सही नाकारली तर माहेर तुटेल, हे कोणी न सांगताही तिला कळते. पडताळणीत मात्र हीच आत्या वडिलांच्या रक्ताची ठरते आणि तिचा शाळेचा दाखला भावकीतल्या मुलांच्या उपयोगी पडतो. आमच्या घरात 1967 पूर्वीची नोंद सापडली ती तिचीच. दाखला काढायला ती सासरहून स्वतः आली, मुख्याध्यापकांसमोर बसून तिने उतारा घेतला आणि तो आमच्या हाती दिला. सातबाऱ्यावर तिचे नाव लावण्याचा विषय भावकीच्या बैठकीत अजून एकदाही निघालेला नाही.