तुम्ही विचारलंत म्हणून: उमेदवाराची पदकं बघून मत द्यायचं का?

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली की एक प्रश्न मला हमखास येतो. साताऱ्याहून भावंडं फोनवर विचारतात, इथल्या मंडळात गणपतीच्या जेवणाला बसलं की कुणीतरी विचारतंच: उमेदवार पन्नास वर्षांपूर्वी सैन्यात गेला होता की नव्हता, यावरून तुमच्याकडे एवढा गदारोळ कशासाठी? आणि तू स्वतः मत देताना ते बघतेस का?

मलाच विचारतात, याला कारण आहे. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होते आणि इथे मी काउंटीच्या माजी सैनिक सेवा कार्यालयात कागदपत्रांचं काम करते. पेन्शन, औषधोपचार, अपंगत्वाचा भत्ता, लष्करी दफनभूमीतली जागा, अशा कामांसाठी लोक येतात. त्यांच्या नोकरीचे कागद मी मागवते, वाचते, लावून देते. म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

बघते, नक्की बघते. तो माणूस किती शूर होता हे ठरवायला मात्र बघत नाही. केलेल्या किंवा न केलेल्या नोकरीबद्दल तो खरं बोलतो का, आणि दुसऱ्याने केलेल्या नोकरीला तो काय मान देतो, एवढंच मला त्यात शोधायचं असतं.

आपल्याकडच्या लोकांना हा वाद परका वाटतो, कारण स्वतंत्र भारतात लष्करभरतीची सक्ती कधी झालीच नाही. आमच्या भागात, अपशिंग्यासारख्या गावात, घरोघरी कुणीतरी पलटणीत असतं, पण तो स्वतःहून भरतीला उभा राहिलेला असतो. जो गेला नाही त्याला कुणी जाब विचारत नाही. अमेरिकेत १९७३ पर्यंत सक्ती होती. व्हिएतनाममध्ये ५८ हजारांहून जास्त अमेरिकन मेले आणि त्यातले कितीतरी जण सरकारी पत्र आलं म्हणून गेलेले होते. कॉलेजात शिकत असाल तर भरती पुढे ढकलता यायची. डॉक्टरांचं पत्र असेल तर सुटका व्हायची. नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे राज्यांच्या अर्धवेळ राखीव दलात, जागा मिळाली तर व्हिएतनामला जाण्याची वेळ क्वचितच यायची. १ डिसेंबर १९६९ ला तर देशाने टीव्हीवर सोडत बघितली: काचेच्या भांड्यात ३६६ निळ्या कॅप्सूल, प्रत्येकीत एक जन्मतारीख. १४ सप्टेंबर ही तारीख पहिली निघाली. त्या दिवशी जन्मलेल्या मुलांच्या आयांना त्या रात्री काय वाटलं असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

यात एक गोष्ट कुणीच विसरलं नाही. दरमहा ठरलेली माणसं लागायचीच. एक सुटला की त्याच्या जागी दुसरा जायचा, आणि तो बहुतेक वेळा गरीब घरचा, कमी शिकलेला असायचा. त्याआधीच्या शतकात तर हा व्यवहार उघडपणे पैशांत होत असे. यादवी युद्धात, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी पोलंडहून आलेल्या एका माणसाला १५० डॉलर देऊन आपल्या जागी पाठवलं. ते कायद्याला धरून होतं, तरी १८८४ च्या निवडणुकीत ते निघालंच. एवढ्या जुन्या आणि खऱ्या दुखण्यातून हे प्रश्न येतात, त्यामुळे त्यांना कुणी निव्वळ चिखलफेक म्हटलं की मला पटत नाही.

१९९२ मध्ये बिल क्लिंटन यांचं पत्र बाहेर आलं. डिसेंबर १९६९ मध्ये त्यांनी आर्कान्सा विद्यापीठातल्या लष्करी प्रशिक्षणाच्या कर्नलना लिहिलं होतं आणि आपल्याला सक्तीच्या भरतीतून वाचवल्याबद्दल त्यांचे आभार मानले होते. युद्धाला विरोध, त्याच वेळी राजकारणात आपलं पुढे काय होईल याची काळजी, असं सगळं त्या तरुण मुलाने त्यात मांडलं आहे. मला ते पत्र प्रामाणिक वाटतं. पत्र बाहेर येईपर्यंत प्रचारात ते जे तुकड्यातुकड्यांनी सांगत राहिले, ते तितकं प्रामाणिक नव्हतं. तरीही लोकांनी त्यांना निवडलं, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना हरवून: १९९२ मध्ये थोरले बुश, ज्यांचं विमान १९४४ मध्ये पॅसिफिकवर पाडलं गेलं होतं, १९९६ मध्ये बॉब डोल, ज्यांचा उजवा हात इटलीतल्या जखमेनंतर कायमचा निकामी झाला.

पण ज्या निवडणुकीने या सगळ्या वादाचा पोत बदलला, ती २००४ ची. तिच्याबद्दल जरा थांबून सांगायला हवं.

त्या वर्षीचे डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार जॉन केरी येल विद्यापीठातून पदवी घेऊन नौदलात गेले. मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात स्विफ्ट बोट नावाच्या छोट्या गस्तीनौकांपैकी एकीचे ते अधिकारी होते. तिथल्या चारेक महिन्यांत त्यांना शौर्याबद्दल एक सिल्व्हर स्टार, एक ब्राँझ स्टार आणि जखमांबद्दल तीन पर्पल हार्ट अशी पदकं मिळाली. १३ मार्च १९६९ ला नदीत पडलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याला त्यांनी हाताने ओढून नौकेवर घेतलं, त्याबद्दल तो ब्राँझ स्टार. परत आल्यावर, एप्रिल १९७१ मध्ये, सिनेटच्या समितीपुढे बसून त्यांनी युद्धाविरुद्ध साक्ष दिली. एका चुकीपायी मरणारा शेवटचा माणूस हो, असं कुणाला कसं सांगायचं, हा त्यांचा तिथला प्रश्न आजही लोकांना आठवतो. त्या साक्षीत त्यांनी अमेरिकन सैनिकांनी केलेल्या अत्याचारांचाही उल्लेख केला. तिथे असलेल्या पुष्कळ सैनिकांना तो आपल्या सगळ्यांवर ठेवलेला डाग वाटला आणि त्यांनी तो कधीच माफ केला नाही. तो राग खरा होता. तसे दोघेतिघे मला कामाच्या ठिकाणी भेटले आहेत. त्यांचं ऐकून घेताना त्यांच्या दुःखाबद्दल मला शंका वाटली नाही.

पण २००४ च्या ऑगस्टमध्ये 'स्विफ्ट बोट व्हेटरन्स फॉर ट्रुथ' नावाच्या गटाने जाहिराती काढल्या त्या साक्षीपुरत्या नव्हत्या. पदकंच खोटेपणाने मिळवलेली आहेत, असा त्यांचा आरोप होता. गटातल्या एकाने शपथेवर सांगितलं की १३ मार्चला शत्रूचा गोळीबार झालाच नाही. मग एका वर्तमानपत्राने त्याचे स्वतःचे कागद मिळवले. त्याच घटनेसाठी त्यालाही ब्राँझ स्टार मिळालेला होता आणि त्याच्या सन्मानपत्रात शत्रूच्या गोळीबाराचा उल्लेख होता. सिल्व्हर स्टारच्या दिवशी सोबतच्या नौकेवर अधिकारी असलेले विल्यम रूड पुढे शिकागोत संपादक झाले होते. पस्तीस वर्षं ते या विषयावर बोलले नव्हते. त्यांनी शेवटी लेख लिहून सांगितलं की आरोप खोटे आहेत. जॉन मॅकेन केरींच्या विरोधी पक्षाचे. त्यांनीही त्या जाहिरातीला अप्रामाणिक म्हटलं. तोवर ती देशभर पोचली होती.

माझं काम कागदांचं, म्हणून एक सांगते. पदकाची शिफारस घटनेनंतर काही दिवसांत किंवा आठवड्यांत लिहिली जाते. तिच्यावर वरिष्ठांच्या सह्या असतात, साक्षीदारांचे जबाब असतात. चुका त्यातही होतात. तारीख चुकते, नाव चुकतं, कधी अतिशयोक्ती असते. पण तेव्हा लिहिलेलं आणि पस्तीस वर्षांनी, निवडणुकीच्या तोंडावर, आठवून सांगितलेलं, या दोन्हींना एकाच पारड्यात टाकता येत नाही. पर्पल हार्टचंही तसंच. शत्रूच्या कारवाईत जखम झाली का आणि तिच्यावर वैद्यकीय उपचार करावे लागले का, एवढंच नियम विचारतो. जखम केवढी, हे तो विचारत नाही. न्यूयॉर्कच्या रिपब्लिकन अधिवेशनात काही प्रतिनिधींनी जांभळ्या हार्टाच्या चिकटपट्ट्या लावून केरींच्या जखमांची थट्टा केली. त्याचा घाव केरींपुरता राहिला नाही. आमच्याकडे येणाऱ्या एका आजोबांनी मला सांगितलं की त्या आठवड्यात त्यांनी गाडीवरची पर्पल हार्टची नंबरप्लेट काढून टाकली. ते स्वतः रिपब्लिकन पक्षाचे मतदार आहेत.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर उत्तर अर्धं राहील. केरींचे प्रतिस्पर्धी, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष धाकटे बुश १९६८ मध्ये पदवीच्या ऐन तोंडावर टेक्सासच्या एअर नॅशनल गार्डमध्ये गेले. एफ-१०२ हे लढाऊ विमान ते चालवायचे, आणि ते काही सोपं विमान नव्हतं. १९७२ मध्ये वैद्यकीय तपासणी न केल्यामुळे त्यांचं उड्डाण थांबवलं गेलं. त्या वर्षी अलाबामात ते कामावर किती हजर होते, हा प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर मिळायला हवं होतं. पण सप्टेंबर २००४ मध्ये सीबीएसने त्यांच्या दिवंगत वरिष्ठांचे म्हणून जे कागद दाखवले, ते १९७० च्या दशकातल्या टाइपरायटरपेक्षा संगणकावर टाइप केल्यासारखे दिसत होते. बारा दिवसांनी वाहिनीला कबूल करावं लागलं की ते कागद अस्सल असल्याचं आपल्याला सिद्ध करता येत नाही. झालं, मूळ प्रश्नच त्या कागदांखाली गाडला गेला. खोट्या आरोपाइतकंच नुकसान कच्च्या पुराव्यानेही होतं.

केरींनीही काही गोष्टी बऱ्या केल्या नाहीत. १९९२ मध्ये क्लिंटन यांच्यावर टीका होत होती तेव्हा, व्हिएतनाममध्ये कोण होतं आणि कोण नव्हतं यावरून निवडणुकीत फूट पाडू नका, असं त्यांनी सिनेटमध्ये कळकळीने सांगितलं होतं. बारा वर्षांनी स्वतःच्या अधिवेशनात मात्र सलाम ठोकून 'कामावर हजर आहे' म्हणत ते उभे राहिले. शिवाय आपली पूर्ण फाइल खुली करण्याचा फॉर्म १८० त्यांनी सही करून दिला तो निवडणूक हरल्यावर, २००५ मध्ये. तो सहा महिने आधी दिला असता तर बऱ्याच लोकांना स्वतः वाचून ठरवता आलं असतं.

फाइल खुली करणं याला मी एवढं महत्त्व का देते, तेही सांगते. १२ जुलै १९७३ ला सेंट लुइसच्या राष्ट्रीय कर्मचारी अभिलेख केंद्राला आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली जळाल्या, मुख्यतः १९१२ ते १९६० मधल्या भूदलाच्या. त्या काळातल्या माणसाला किंवा त्याच्या विधवेला आजही जुने पगारपत्रक, हॉस्पिटलची नोंद, सोबत्याचा लेखी जबाब गोळा करून सिद्ध करावं लागतं की हो, हा तिथे होता. अशी माणसं मी रोज बघते. ज्याची फाइल शाबूत आहे, ज्याच्या हाताखाली वकिलांची फौज आहे आणि ज्याला देशाचा सरसेनापती व्हायचं आहे, त्याने ती उघडायला कुरकुर करावी, हे मला सहन होत नाही.

२०२४ मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदाच्या दोन्ही उमेदवारांवरून हेच झालं. टिम वॉल्झ २४ वर्षं नॅशनल गार्डमध्ये होते आणि त्यांच्या तुकडीला इराकचा हुकूम येण्याआधी, मे २००५ मध्ये, निवृत्त झाले. निवृत्तीचा तो हक्क त्यांनी कमावला होता, त्याला पळून जाणं म्हणणं अन्यायाचं आहे. पण युद्धात आपण शस्त्र वागवलं असं ते एकदा बोलून गेले होते आणि ते खरं नव्हतं. त्याचा जाब विचारणं योग्यच होतं. जे. डी. व्हान्स मरीन कोअरकडून इराकला गेले ते जनसंपर्काच्या कामावर, म्हणून काहींनी त्यांना हिणवलं. माझे वडील म्हणायचे, पलटणीत लंगरवाला नसेल तर दुसऱ्या दिवशी लढाई होत नाही. ज्याला जे काम दिलं ते त्याने केलं.

डोनाल्ड ट्रम्प यांनी भरती पाच वेळा टाळली, चार वेळा शिक्षणासाठी आणि एकदा टाचेच्या हाडाच्या कारणाने. जो बायडन यांनाही शिक्षणासाठी पाच सवलती मिळाल्या होत्या आणि मग दम्याचं कारण. लाखो मुलांनी तेच केलं, कायद्याने केलं, त्याबद्दल मी कुणालाच धारेवर धरत नाही. पण २०१५ मध्ये ट्रम्प मॅकेन यांच्याबद्दल म्हणाले की हा युद्धवीर नाही, पकडले न गेलेले लोक आपल्याला आवडतात. मॅकेन हनोईत साडेपाच वर्षं कैदेत होते. वडील अ‍ॅडमिरल म्हणून त्यांना लवकर सोडायची तयारी होती. आपल्या आधी पकडलेल्यांना आधी सोडा, असं सांगून त्यांनी ते नाकारलं. कैदेत गेलेल्या सैनिकाबद्दल असं बोलणाऱ्याला मी मत देऊ शकत नाही, पक्ष कोणताही असो.

आता उरलेला प्रश्न: युद्ध बघितलेला माणूस युद्धाचा निर्णय जास्त शहाणपणाने घेतो का? तसं असतं तर मतदान फार सोपं झालं असतं. ऑक्टोबर २००२ मध्ये इराकवर बळ वापरण्याची परवानगी सिनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी दिली. केरी, मॅकेन, व्हिएतनाममध्ये दोन्ही पाय आणि एक हात गमावलेले मॅक्स क्लीलंड, तिघांनीही बाजूने मत दिलं. दुसऱ्या महायुद्धात एक हात गमावलेल्या डॅनियल इनोये यांनी विरोधात दिलं, आणि कधीच गणवेश न घातलेल्या पुष्कळांनीही विरोधातच दिलं. पदकांवरून यातलं कुठलंच मत आधी ओळखता आलं नसतं.

तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून माझं करायचं काम सांगते. आता इराक आणि अफगाणिस्तानात गेलेल्यांची पिढी राजकारणात वर येते आहे, पुढच्या निवडणुकांत त्यातले काही उभे राहतील. जो उभा राहील त्याच्या प्रचार कार्यालयाला मी पत्र लिहिणार आहे. फॉर्म १८० वर सही करा, अर्ज भरता त्याच आठवड्यात. आणि संसदेत असाल तर सैन्य पाठवण्याच्या प्रत्येक ठरावावर तुम्ही काय मत दिलंत, ते तारखेनिशी कळवा. सैन्यात न गेलेल्यांना पहिला भाग गाळून तेच पत्र जाईल.