खोक्यावर नसलेला आकडा

हेडफोन आणि खिशात मावणारे संगीताचे प्लेअर तपासणे व दुरुस्त करणे हे माझे काम आहे. विक्रीच्या काउंटरमागच्या छोट्या खोलीत मी बसते. तिथे परत येणाऱ्या मालापैकी बराचसा माल बिघडलेला नसतो, हे बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. कुणाचे मेमरी कार्ड प्लेअरला वाचता येत नसते, कुणाच्या जॅकच्या तळाशी खिशातला मळ दाबून बसलेला असतो, आणि उरलेल्यांपैकी अनेकांच्या हाती त्यांच्या हेडफोनला न मानवणारा प्लेअर पडलेला असतो. त्या दिवशी आलेला प्लेअर या शेवटच्या प्रकारातला होता, पण त्याचे प्रकरण माझ्या मनातून अजून गेलेले नाही.

प्लेअर नवाकोरा होता आणि सोबतच्या चिठ्ठीवर तक्रार लिहिली होती, ‘आवाज टोचतो.’ त्याखाली आमच्या विक्री विभागातल्या सहकाऱ्याने लिहिले होते, ‘दोनशे तास वाजवून पाहण्यास सांगितले आहे.’ हा सल्ला मला मनापासून खटकतो. प्लेअरमधली चिप दोनशे तास वाजवल्याने तिचा आवाज बदलतो, असे माझ्या मोजमापात आजवर एकदाही आढळलेले नाही. बदलते ती ऐकणाऱ्याची सवय, आणि तेवढ्या काळात माल परत करण्याची मुदत संपून जाते. ज्या माणसाने आपल्या कानावर विश्वास ठेवून तक्रार केली, त्याला त्याच्या कानावरच संशय घ्यायला लावणे मला योग्य वाटत नाही.

प्लेअर आणणाऱ्या बाई निवृत्त गायनशिक्षिका होत्या. त्यांच्या शिक्षिकेने त्यांच्याकडून करून घेतलेल्या तालमी अनेक वर्षे कॅसेटवर जपलेल्या होत्या, पुढे कुणीतरी त्या संगणकावर उतरवून दिल्या होत्या, आणि अशा सहाशेच्या वर फाइली होत्या. मधेच फोन वाजू नये म्हणून त्यांना वेगळा प्लेअर हवा होता. जुन्या प्लेअरची बॅटरी फुगल्यामुळे त्यांनी नवा घेतला होता. इयरफोन मात्र पूर्वीचेच होते. त्या मला म्हणाल्या, “माझं वय झालंय, कान उतरलेत, हे मला कळतं. पण कान उतरले तर आवाज मंद व्हायला हवा, टोचायला नको. आणि तो आवाज त्यांचा वाटत नाही.”

या तक्रारीत तर्काची चूक काढण्यासारखे काही नव्हते. वयाबरोबर माणसाला वरच्या पट्टीतले स्वर कमी ऐकू येतात, जास्त नव्हे. म्हणून मी जुना प्लेअरही मागवून घेतला, त्यातली फुगलेली बॅटरी जपून काढली आणि तिच्या जागी माझ्या मेजावरच्या वीजपुरवठ्यातून ३.८ व्होल्ट दिले. प्लेअर सुरू झाला. बाईंनी इयरफोन कानात घातले, अर्धा मिनिट ऐकले आणि एवढेच म्हणाल्या, “या आमच्या बाई.”

आता इथून पुढचे मोजमाप मी थोडे सविस्तर सांगते, कारण प्लेअर निवडताना ज्या आकड्याकडे आधी पाहायला हवे तो बहुधा खोक्यावर छापलेलाच नसतो. त्याला आउटपुट इंपिडन्स म्हणतात; प्लेअरने इयरफोनकडे वीज सोडताना त्याच्या स्वतःच्या अंगात असलेला हा अडथळा. तो काढायला महागडे यंत्र लागत नाही. प्लेअरवर एक स्थिर सूर वाजवायचा, आउटपुटला काहीही न जोडता व्होल्टेज मोजायचे, मग किंमत ठाऊक असलेला रोध, म्हणजे रेझिस्टर, जोडून पुन्हा मोजायचे. माझा मल्टिमीटर ४०० हर्ट्झच्या पुढे भरवशाचा नाही, म्हणून मी सूर १२० हर्ट्झचा घेते. जुन्या प्लेअरवर मोकळ्या आउटपुटला ५०० मिलिव्होल्ट होते आणि ३३ ओहमचा रोध जोडताच ते ३८४वर उतरले. हिशेब केला तर अडथळा जवळपास १० ओहम येतो. नव्या प्लेअरवर तेच व्होल्टेज ५०० वरून ४९३ झाले, म्हणजे अडथळा अर्धा ओहमही नाही. कागदावर नवा प्लेअर निर्विवाद सरस होता.

पण त्यांच्या इयरफोनमध्ये प्रत्येक कानाला आवाज काढणारे चार छोटे भाग, बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर, आहेत, आणि अशा इयरफोनचा इंपिडन्स सगळ्या स्वरांना सारखा राहत नाही. माहितीपत्रकात १८ ओहम असा एकच आकडा दिला होता. तो फक्त १००० हर्ट्झपुरता खरा. मी साउंडकार्ड आणि एक ठाऊक रोध वापरून पूर्ण आलेख काढला, तेव्हा ३०० हर्ट्झच्या आसपास तो ४० ओहम भरला आणि ६००० हर्ट्झजवळ ८ ओहमपर्यंत खाली गेला. प्लेअरचा १० ओहमचा अडथळा आणि इयरफोनचा इंपिडन्स मिळून व्होल्टेज वाटून घेतात, आणि इयरफोनचा वाटा जिथे लहान तिथे आवाज जास्त खाली जातो. खालच्या स्वरांत सुमारे २ डेसिबल जातात, तर ६००० हर्ट्झपाशी ७. दोन्हींमधली तफावत ५ डेसिबल होते. ‘स’ आणि ‘श’ यांची धार, श्वासाची सळसळ, कॅसेटची सूं सूं, हे सगळे जिथे राहते तिथेच जुना प्लेअर आवाज मऊ करत होता. नव्या प्लेअरवर हीच तफावत अर्ध्या डेसिबलच्याही आत आली आणि ती सगळी धार उघडी पडली. बाईंचे कान उतरलेले नव्हते आणि प्लेअरही बिघडलेला नव्हता.

मग दुकानात ऐकताना त्यांना तो का आवडला, हा प्रश्न मी सहकाऱ्याला विचारला. त्याने त्यांना जुना प्लेअर ३.५ मिलिमीटरच्या जॅकवर आणि नवा ४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड जॅकवर ऐकवला होता, तोही दुकानातली वायर लावून, दुकानातल्या गाण्यांवर, एकामागून एक. बॅलन्स्ड जॅकवर साधारण दुप्पट व्होल्टेज मिळते, म्हणजे आवाज ६ डेसिबलनी वाढतो, आणि जो प्लेअर मोठ्याने वाजतो तो माणसाला अधिक स्वच्छ, अधिक खोल वाटतो. या व्यवसायात हे सगळ्यांना ठाऊक आहे. दोन प्लेअरची तुलना करायची तर दोन्हींचा आवाज डेसिबलच्या दहाव्या भागापर्यंत जुळवून घेतला पाहिजे. ते न करता केलेली तुलना माझ्या मते ग्राहकाची दिशाभूल आहे, मग करणाऱ्याच्या मनात तसे नसले तरी. सहकारी माणूस म्हणून चांगला आहे. पण त्याला खोक्यावरचे आकडे पाठ आहेत आणि त्यांचा अर्थ त्याने कधी तपासलेला नाही. त्याने बाईंना ३२ बिट आणि ७६८ किलोहर्ट्झ हे डिजिटल आवाजाच्या बारकाव्याचे आकडे सांगितले होते. कॅसेटवरच्या मुद्रणात सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर ढोबळमानाने ५० ते ६० डेसिबलच असते, आणि १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीची १६ बिटे ९६ डेसिबल सांभाळतात. त्या तालमींसाठी सीडीचा दर्जासुद्धा गरजेहून मोठा होता.

त्यांना लागणारी गोष्ट वेगळीच होती आणि ती कुणी विचारली नव्हती. सहाशे फाइलींपैकी एकीतही गायकाचे नाव भरलेले नव्हते, सगळी ओळख फोल्डरच्या नावांत होती. नव्या प्लेअरने त्या सगळ्या एका रांगेत लावून प्रत्येकीवर ‘अज्ञात कलाकार’ असे लिहिले होते. ते दाखवताना बाईंचा आवाज बदलला. मी मेनूतून फोल्डरप्रमाणे पाहण्याची सोय सुरू करून दिली. तेवढे एक मिनिटाचे काम होते.

आवाजाचा उपाय दोन प्रकारे करता आला असता. प्लेअरमधल्या इक्वलायझरवर ६००० हर्ट्झच्या आसपासचा भाग खाली ओढायचा, किंवा वायरीत रोध घालायचा. पहिल्यात एखादे बटण चुकून दाबले गेले की मांडणी बिघडते, म्हणून मी दुसरा निवडला. ३.५ मिलिमीटरच्या दोन आखूड जोडवायरी बनवल्या. एकीत डाव्या आणि उजव्या तारेत १० ओहमचा एकेक मेटल फिल्म रोध सोल्डर केला. तो दोन्ही कानांच्या सामाईक परतीच्या तारेत कधीही घालू नये, कारण तसे केल्यास एका कानाचा आवाज दुसऱ्यात झिरपतो. रोध मोजून, अगदी सारखे निघालेले दोन निवडले, नाहीतर आवाज एका बाजूला कलतो. दुसरी वायर दिसायला तशीच ठेवली, फक्त तिच्यात रोध नव्हता. मग ३०० हर्ट्झच्या सुरावर दोन्हींचा आवाज जुळवला, बाईंना पाठमोरे बसवले आणि नाणे उडवून क्रम ठरवत दहा वेळा ऐकवले. कुठली वायर लावली आहे हे मला ठाऊक होते, एवढी त्रुटी या चाचणीत होती, तरी मी तोंडातून एक शब्द काढला नाही. दहाही वेळा त्यांनी बरोबर ओळखले. नुसत्या अंदाजाने हे जमण्याची शक्यता १०२४ मध्ये एक असते.

निघताना त्यांनी विचारले, “म्हणजे मी इतकी वर्षं चुकीचा आवाज ऐकत होते का?”

मला पटकन उत्तर देता आले नाही. आमच्या व्यवसायाचे ठरलेले उत्तर ‘हो’ असे आहे: प्लेअरने स्वतःचे काही न मिसळता, जे मुद्रणात आहे ते पुढे द्यावे. मी स्वतः ते मानते आणि कुणालाही प्लेअर सुचवताना आउटपुट इंपिडन्स इयरफोनच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, असेच सांगते. परंतु १९९६च्या आयईसी ६१९३८ या आंतरराष्ट्रीय मानकात हेडफोनला आवाज पुरवणाऱ्या स्रोताचा हाच अडथळा १२० ओहम धरलेला होता, म्हणजे ‘बरोबर’ काय हे त्या त्या काळी माणसांनीच ठरवले आहे. शिवाय त्या तालमी कुठल्या मायक्रोफोनवर घेतल्या, त्या मायक्रोफोनने ‘स’ची धार किती वाढवली, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मूळ आवाज प्रत्यक्ष ऐकलेली आमच्या दोघींत एकच व्यक्ती होती आणि ती माझ्याकडे उत्तर मागत होती. मी म्हणाले, “तुम्हाला त्या जशा आठवतात, त्याच्या जवळ जी वायर नेते ती लावा.” त्या रोध घातलेली वायर घेऊन गेल्या.

दोन आठवड्यांनी त्या पुन्हा आल्या. दुसरी, साधी वायरही हवी होती. एका रात्री प्लेअर त्यांनी चुकून जोडवायरीशिवाय लावला होता आणि एका जुन्या तालमीत त्यांना ओळींच्या मधे एक आवाज ऐकू आला, जो त्यापूर्वी कधीच ऐकू आला नव्हता. तीन-चार वेळा मागे जाऊन ऐकल्यावर त्यांनी तो ओळखला: कागदाची पाने उलटण्याचा आवाज. शिक्षिका त्यांच्या पाठीमागे बसून शिकवत असत, आणि त्यांना सगळे मुखोद्गत आहे अशी बाईंची आयुष्यभराची समजूत होती. स्वतःच्या विद्यार्थ्यांनाही वही न वापरण्याचा आग्रह त्यांनी त्याच आधारावर धरला होता.

“त्या वाचून सांगत होत्या,” बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण समाधानही नव्हते.

मी साधी वायर त्यांच्या हातात दिली. चुकून अदलाबदल होऊ नये म्हणून त्यांनी पर्समधून लाल दोरा काढला आणि रोध असलेल्या वायरीला माझ्या मेजावरच गाठ मारून बांधला. ती साधी वायर मी त्यांना द्यायला हवी होती की नको, याचा विचार मी अजून करते आहे. त्यांच्या इयरफोनच्या आलेखाचा कागद मी अजून ड्रॉवरमध्ये ठेवला आहे, आणि ६००० हर्ट्झजवळच्या त्या खळग्यावर पेन्सिलीने केलेली खूण मी पुसलेली नाही.