दाढदुखी ‘मोकळी झाल्यावर’वर ढकलू नका

माझा दातांचा दवाखाना विट्याला आहे. आमच्या खानापूर तालुक्यातली किती तरी घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यानिमित्त तमिळनाडू-केरळपासून दिल्लीपर्यंत पांगलेली आहेत. लेकी पहिल्या बाळंतपणाला मात्र माहेरी येतात, सातव्या-आठव्या महिन्यात. तोवर दाढ दोन-तीन महिने ठणकून झालेली असते. हिरड्यांतून रोज रक्त येत असतं. तरीही खुर्चीत बसायच्या आधीच सोबतची आई किंवा आजी मला सांगते, “आता नुसती गोळी द्या म्याडम. मोकळी झाल्यावर आणू की तिला.”

मोकळी झाल्यावर सव्वा महिना घराबाहेर पडायचं नसतं. मग बारसं, बाळाचे डोस, मग सासरी परत. तिथं स्वयंपाक, बाळ, जागरण. मग ती माझ्याकडं येते ती दुसऱ्या खेपेला गरोदर असताना. जी दाढ सिमेंट भरून वाचली असती ती काढायची वेळ आलेली असते. तिच्या घरच्यांना मी दोष देत नाही, त्यांना भीती असते ती बाळाची. राग येतो तो आमच्यातल्याच काही दंतवैद्यांचा. गरोदर म्हटल्यावर तोंडात आरसासुद्धा न घालता ‘डिलिव्हरीनंतर या’ म्हणून परत पाठवतात. डॉक्टरच असं म्हणाले की घरच्यांची भीती खरी ठरते.

म्हणून आधी हेच स्पष्ट लिहिते. गरोदरपणात दातांवर उपचार करता येतात. दात साफ करणं, कीड काढून सिमेंट भरणं, रूट कॅनाल, गरज पडली तर दात काढणं, सगळं. चौथा ते सहावा महिना सगळ्यात सोयीचा, कारण उलट्या कमी झालेल्या असतात आणि पोटाचं ओझं फार नसतं. पण दुखत असेल, पू झाला असेल, तर महिना मोजत बसायचं नाही. बधिर करायला जे लिग्नोकेनचं इंजेक्शन वापरतो ते गरोदरपणात चालतं. दाताचा एक्स-रे अगदी थोड्या किरणांचा असतो आणि त्याचा रोख गालाकडं असतो. पोटावर आणि गळ्यावर शिशाचं संरक्षण घालून तो काढता येतो. डिलिव्हरीनंतर करू अशी फक्त शोभेची कामं, म्हणजे दात पांढरे करणं वगैरे. ती थांबली तर कुणाचं काही बिघडत नाही.

उलट मला धास्ती वाटते ती ‘नुसत्या गोळी’ची. मेडिकलमध्ये जाऊन ‘दाढदुखीवर काही तरी द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा हातात पडते ती आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी. विसाव्या आठवड्यानंतर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या गरोदर बाईनं आपल्या मनानं घ्यायच्या नाहीत. बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, आणि शेवटच्या महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी आकसण्याचा धोका असतो. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या प्रमाणात नुसती पॅरासिटामॉल चालते. जंतुसंसर्गाला अमॉक्सिसिलिन चालतं. डॉक्सिसायक्लिन मात्र नको, त्यानं बाळाच्या घडत असलेल्या दातांवर डाग पडू शकतात. बाळाच्या दुधाच्या दातांचं कठीण आवरण चौथ्या महिन्याच्या सुमारास पोटातच बनायला लागलेलं असतं, हे ऐकून आयांना फार नवल वाटतं.

आमच्याकडं दुसरी ठाम समजूत अशी की बाळ आईच्या दातांतला चुना ओढून घेतं. “ह्या पोरानं दोन दाढा खाल्ल्या माझ्या,” असं आजीबाई लेकाकडं बघून म्हणतात. दातात एकदा बसलेलं कॅल्शियम परत रक्तात उतरत नाही. बाळाला लागणारं कॅल्शियम आईच्या आहारातून येतं, कमी पडलं तर हाडांतून. म्हणूनच सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या घ्यायच्या, लोहाची गोळी वेगळ्या वेळेला, कारण दोन्ही एकत्र घेतल्या की लोह नीट शोषलं जात नाही. दात किडतात ते वेगळ्याच कारणांनी. उलट्यांमधलं आम्ल, दर तासा-दोन तासाला थोडं थोडं खाणं, ब्रश तोंडात घातला की येणारे उमासे आणि त्यामुळं बुडालेलं दात घासणं.

उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नका. आम्लानं दाताचं आवरण मऊ झालेलं असतं, त्यावर ब्रश घासला तर ते झिजतं. कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून खळखळून चूळ भरायची आणि थुंकायची. अर्ध्या-एक तासानं ब्रश. सकाळी उमासे येत असतील तर दुपारी घासा, लहान मुलांचा छोट्या डोक्याचा ब्रश घ्या, फेस कमी होईल इतकीच पेस्ट घ्या. रात्री झोपताना मात्र चुकवू नका. पेस्ट फ्लोराइडचीच हवी.

हिरड्यांचं थोडं सविस्तर सांगते. गरोदरपणात संप्रेरकं वाढतात आणि हिरड्या एरवी जेवढा मळ सहन करतात तेवढाही सहन करत नाहीत. सुजतात, लाल होतात, ब्रश लागला की रक्त येतं. दुसऱ्या महिन्यापासून सुरू होतं, आठव्याच्या सुमारास सगळ्यात जास्त. रक्त बघून बायका ब्रश बंद करतात आणि बोटानं घासायला लागतात, त्यानं मळ आणखी साठतो. रक्त येतंय म्हणजे तिथं ब्रश पोचायला हवाय. मऊ ब्रश, हलका हात.

कोइमतूरहून आलेली सहाव्या महिन्यातली एक मुलगी आठवते. वरच्या पुढच्या दोन दातांच्या मधोमध हिरडीवर वाटाण्याएवढी लालभडक गाठ, जेवताना घास लागला की रक्ताची धार. घरात कुणी तरी ‘कॅन्सर’ हा शब्द काढला होता आणि ती दोन रात्री झोपली नव्हती. असली गाठ काही गरोदर बायकांना येते. ती कॅन्सरची नसते आणि बाळंतपणानंतर बहुतेकदा आपोआप बसते. पण ते तपासून कुणी तरी सांगायला हवं ना! दात स्वच्छ केले, मागच्या बाजूला साठलेलं कीटण काढलं, रक्त थांबलं. गाठ तशीच ठेवली.

तिला साफ करताना खुर्ची पूर्ण आडवी केली नाही. सहाव्या-सातव्या महिन्यानंतर उताणं झोपवलं की गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडतो, चक्कर येते, घाम फुटतो. उजव्या कुशीखाली घडी केलेली चादर सारायची, तिला थोडं डावीकडं कलतं ठेवायचं, पाठ उंच, आणि दर काही मिनिटांनी थांबून उठून बसू द्यायचं. एवढंच लागतं. कुठलंही खास यंत्र लागत नाही.

हिरड्यांच्या आजारामुळं बाळ कमी दिवसांचं होतं का, हे बरेच जण विचारतात. 1996 पासून असा संबंध दाखवणारे अभ्यास आहेत. पण 2006 मध्ये अमेरिकेत आठशेहून जास्त गरोदर बायकांवर झालेल्या मोठ्या चाचणीत गरोदरपणात हिरड्यांवर उपचार केल्यानं अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं प्रमाण कमी झालं नाही. हिरड्या सुधारल्या, उपचार सुरक्षित ठरले. मला एवढं पुरेसं आहे. बाईचं तोंड दुखू नये, तिला नीट चावून जेवता यावं, हे कारण तिच्यासाठी उपचार करायला कमी आहे का? प्रत्येक गोष्ट बाळाच्या नावानंच तिच्या पदरात पडावी, हे मला मान्य नाही.

आता मिश्री. आमच्या भागात या विषयावर हे न लिहिता पुढं जाणं म्हणजे अर्धवट लिहिणं. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, हातानं चुरायची, डबीत भरायची. सकाळी उठल्यावर तर्जनीनं दातांना लावायची, मग भांडी झाली की, जेवण झालं की, दुपारी पुन्हा. हे दात घासणं नाही, तंबाखूच आहे, आणि सवयही तंबाखूचीच लागते. त्यातलं निकोटिन बाळाकडं जाणारा रक्तपुरवठा कमी करतं, बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो. बाळंतपणानंतर ते अंगावरच्या दुधातही उतरतं.

नुसतं ‘सोडा’ म्हणून मिश्री सुटत नाही. बायकांना विचारलं तर दहातल्या बऱ्याच जणी सांगतात, मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. गरोदरपणात आधीच बद्धकोष्ठ, त्यात लोहाच्या गोळ्यांनी भर. म्हणजे मिश्री सोडायला सांगायची तर पोटाची सोय आधी बघावी लागते. पाणी, पालेभाज्या, भिजवलेल्या मनुका, सकाळी थोडं चालणं, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडून औषध. सासू-सुना एकाच डबीतून लावत असतील तर सासूशी बोलल्याशिवाय सुनेची सुटत नाही. मी दोघींना एकत्र बसवते. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, 1800-11-2356. ज्या फोन करायला लाजतात त्यांना माझ्यासमोरच लावून देते.

माती, भाजलेलं ढेकूळ, पाटीवरची पेन्सिल खाण्याचे डोहाळे लागले असतील तर लपवू नका. त्यानं दात झिजतात, आणि बरेचदा त्यामागं लोहाची कमतरता असते. हिमोग्लोबिन तपासून घ्या.

बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे दातांच्या दृष्टीनं अवघड असतात. “ओल्या बाळंतिणीनं ब्रश लावला की दात कायमचे हलतात,” असं सांगून आमच्या काही घरांत सव्वा महिना नुसत्या चुळा भरायला लावतात. गरोदरपणात दात किंचित हलल्यासारखे वाटू शकतात, नंतर ते घट्ट होतात. ब्रशनं ते हलत नाहीत. गार पाण्यानं शिणशिणत असतील तर कोमट पाणी घ्या, पण घासा. आजींना मी म्हणते, तुमचा शेक, शेगडी, अळिवाची खीर सगळं राहू दे, त्यात हा एक ब्रश बसवा.

डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू खायलाच हवेत. फक्त रात्री दोन वाजता बाळाला पाजताना अर्धा लाडू तोंडात धरून तसंच झोपायचं नाही. झोपेत लाळ कमी सुटते, गूळ दातांच्या खाचांत रात्रभर राहतो. लाडू जेवणाला जोडून खा. रात्री भूक लागली तर मूठभर फुटाणे किंवा बिनसाखरेचं दूध घ्या आणि पाण्याच्या दोन चुळा भरा. जेवणानंतर बाळंतशोपा आणि ओवा चांगला, विड्यात सुपारी नको.

अंगावर पाजत असताना लिग्नोकेनचं इंजेक्शन चालतं, पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन आणि अमॉक्सिसिलिनही चालतं. दूध काढून फेकायचं कारण नाही. बाळाला पाजून माझ्याकडं या, काम झाल्यावर पुन्हा पाजा. तोपर्यंत बाळ आजीजवळ बाहेरच्या बाकावर.

एखादी बाई दातांसाठी आलेली असते, पण मुद्दा वेगळाच निघतो. गरोदरपणात नीटनेटकी असलेली मुलगी तिसऱ्या महिन्यात बाळाला घेऊन येते तेव्हा दातांवर जाड थर, ओठ कोरडे. “घासायची इच्छाच होत नाही,” म्हणते. अशा वेळी कीटण काढायच्या आधी मी विचारते, बाळ झोपल्यावर तरी तुला झोप लागते का? रडू येतं का? दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, तर ते थकव्यावर घालवायचं नाही. टेलीमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. ‘तोंड नीट ठेव’ म्हणून तिलाच बोल लावणं तर अजिबात नको.

बाळाला घास भरवताना स्वतःच्या तोंडातला चमचा देऊ नका, चावून भरवू नका, किडीचे जंतू लाळेतून जातात. आईचे किडलेले दात वेळेत भरले तर हे जंतूही कमी होतात. वर्षापर्यंत मध चाटवू नका. पहिला दात आला की पहिल्या वाढदिवसाच्या आत एकदा दाखवा.

माझी मागणी स्त्रीरोगतज्ज्ञांकडं आणि आरोग्यसेविकांकडं आहे. दर महिन्याच्या 9 तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. रक्तदाब, रक्त, लघवी, वजन, पोट सगळं बघतात. तिथंच विचारा, हिरड्यांतून रक्त येतं का, दाढ दुखते का, मिश्री लावतेस का? ‘हो’ म्हणाली तर दातांच्या डॉक्टरांकडं चिठ्ठी द्या, आणि चिठ्ठीत ‘उपचारास हरकत नाही’ एवढं लिहा. त्या एका ओळीनं घरच्यांची निम्मी भीती जाते, आणि परत पाठवणाऱ्या दंतवैद्याचीही.

गालावर सूज, ताप, तोंड उघडेनासं होणं, गिळायला त्रास, यातलं काहीही असेल तर कुठलाही महिना असो, त्याच दिवशी दाखवा. येताना माता-बाल कार्ड आणि चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर आणा, आणि उपाशी येऊ नका. पोटभर नाश्ता करून या.