तक्रार कुणाविरुद्ध, पोचवणार कोण?

“मावशी, ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच हाती अर्ज द्यायचा?” भाचीने लॅपटॉपमध्ये डोकावून विचारलं आणि माझा हात माउसवरच थांबला.

काल रात्री राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्स, संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संघटना) जिनिव्हातल्या दप्तरातली पश्चिम सामोआ या पॅसिफिकमधल्या बेटांची कागदपत्रं चाळत होते. 2017 ते 2022 दरम्यान हे दप्तर स्कॅन झालं, जवळपास दीड कोटी पानं. घरबसल्या उघडतं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

तर तो नियम 1923 चा. पहिल्या महायुद्धात हरलेल्या जर्मनी-तुर्कस्तानचे प्रदेश विजेत्यांकडे सांभाळायला दिले होते. तिथल्या रहिवाशांनी दाद मागायची ती तिथल्याच सरकारमार्फत. सरकार आपला शेरा जोडणार, मग अर्ज जिनिव्हाला. आणि ही व्यवस्थाच नको, असं म्हणणारा अर्ज विचारातच घेत नसत.

सामोआ न्यूझीलंडकडे होतं. 1928 मध्ये सामोआतले व्यापारी ओलाफ नेल्सन लोकांची बाजू मांडायला स्वतः जिनिव्हाला गेले. इतक्या लांब! अशा प्रदेशांवर देखरेख करणाऱ्या राष्ट्रसंघाच्या आयोगाने त्यांना भेटच दिली नाही. पुढच्या वर्षी, 28 डिसेंबरला, सामोआची राजधानी आपियामध्ये पोलिसांनी न्यूझीलंडच्या राजवटीला विरोध करणाऱ्या माऊ चळवळीच्या मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या. चळवळीचे नेते तुपुआ तामासेसे त्यात जखमी होऊन दगावले.

त्या काळाची मुत्सद्देगिरी म्हणजे लोकार्नो, म्युनिकसारखे करार, मोठ्या माणसांच्या सह्या, असंच आपण शिकलो. पण बाद झालेले अर्जही कुणा कारकुनाने नोंदवून फाइलीत लावले, म्हणून माझ्या भाचीला काल तो प्रश्न पडला.

तिला अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्ही काय सांगितलं असतं?